मांडणी अडली म्हणून काम अडावे काय?

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभ लेखनक्रियेच्या निरूपणाने केला आहे. अक्षर कसे काढावे, ओळी कशा राखाव्यात, पानाच्या कडेला जागा कशी सोडावी, याचा इतका बारीक विचार एका विरक्त पुरुषाने करावा, याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. परंतु त्यामागील हेतू ध्यानात घेतला म्हणजे ते नवल उरत नाही. ग्रंथ हाताने नकलून घेण्याचा तो काळ होता. एकाने लिहावे, दुसऱ्याने वाचावे, तिसऱ्याने पुन्हा उतरून घ्यावे, असा ग्रंथाचा प्रवास चाले. अशा अनेक हातांतून जाणाऱ्या लेखनाला अथपासून इतिपर्यंत एकच वळण असले, तर वाचणाऱ्याची दृष्टी अक्षरात अडकत नाही. ती थेट अर्थाला जाऊन भिडते.

संगणकाच्या प्रोग्रामांनाही हाच न्याय लागू पडतो. मोठा प्रोग्राम कोणी एकटा लिहीत नाही. शेकडो माणसे, कित्येकदा एकमेकांना कधीही न भेटलेली, वर्षानुवर्षे एकाच लिखाणात भर घालीत असतात. या लिखाणाला व्यवहारात ‘कोड’ म्हणतात. कोणी ओळीच्या आरंभी दोन जागा मोकळ्या सोडतो, कोणी चार; कोणी कंस त्याच ओळीत उघडतो, कोणी पुढच्या ओळीत. पायथॉनसारख्या भाषेत ओळीच्या आरंभीच्या जागेला अर्थ असतो. तो अपवाद सोडला, तर बहुतेक संगणकभाषांत यंत्राला या फरकाचे सोयरसुतक नसते. माणसाला मात्र असते. वळण बदलले की वाचन अडखळते, आणि वळण कोणाचे खरे यावर वाद माजतात. म्हणून हे काम यंत्राकडेच सोपविण्यात आले. जो प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामचे लिखाण हाती घेऊन, त्याचा अर्थ यत्किंचितही न बदलता, त्याला ठरावीक वळण लावून देतो, त्याला ‘फॉर्मॅटर’ म्हणतात.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९७६ साली सी भाषेसाठी ‘इंडेंट’ नावाचा असा प्रोग्राम तयार झाला होता. तथापि फॉर्मॅटर ही आवडीची वस्तू न राहता शिस्तीची वस्तू बनली ती अलीकडे. गूगलने २००९ साली गो ही भाषा जाहीर केली, तेव्हा तिच्यासोबतच ‘गोफम्ट’ हा फॉर्मॅटर दिला आणि त्यात व्यक्तिगत आवडीनिवडीला जवळजवळ जागाच ठेवली नाही. पुढे २०१७ साली जावास्क्रिप्टसाठी ‘प्रेटिअर’ आणि २०१८ साली पायथॉनसाठी ‘ब्लॅक’ हे फॉर्मॅटर आले. आज अशा साधनावाचून चालणारा मोठा प्रकल्प विरळाच.

येथवर सर्व ठीक आहे. परंतु प्रश्न उद्भवतो तो हा सुधारक स्वतःच अडखळतो तेव्हा. फॉर्मॅटर केवळ रूप सांभाळतो, अर्थाला हात लावीत नाही, हे एकदा मान्य केले की, तो अडला तरी प्रोग्रामच्या कामात फरक पडू नये, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र फॉर्मॅटर मिळाला नाही, एवढ्या क्षुल्लक कारणावरून संपूर्ण प्रोग्राम संगणकावर बसविण्याचे काम मध्येच थांबल्याची उदाहरणे पुष्कळ घडतात. पत्रिकेला लावावयास कुंकू मिळाले नाही म्हणून लग्नाचा मुहूर्तच टळावा, तसा हा प्रकार आहे. असे का घडते, आणि ते घडू नये म्हणून काय करावे, हे समजून घेण्यासाठी बिल्ड आणि इन्स्टॉल या दोन क्रियांचे स्वरूप थोडे पाहावयास हवे.

सूचनांची यादी आणि समाप्तीचा अंक

प्रोग्राम लिहून झाला म्हणजे तो लगेच चालू लागतो असे नाही. लिखाणाचे यंत्राला कळणाऱ्या रूपात भाषांतर करावयाचे, निरनिराळे भाग जोडावयाचे, त्यांची तपासणी करावयाची, या सर्व क्रियांना मिळून ‘बिल्ड’ म्हणतात. तयार झालेली वस्तू वापरणाऱ्याच्या संगणकावर नेऊन बसविणे म्हणजे ‘इन्स्टॉल’. या दोन्ही कामांच्या सूचना क्रमवार लिहून ठेवलेल्या असतात. त्या यादीला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. योगायोग असा की, इंडेंट ज्या वर्षी जन्मला त्याच १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हा प्रोग्राम लिहिला. कोणती फाइल कोणत्या फाइलीपासून बनते हे सांगून ठेवावे, आणि बदललेले तेवढेच पुन्हा बनवावे, ही त्याची रीत आजही प्रचलित आहे.

या यंत्रणेचा सारा कारभार एका साध्या संकेतावर चालतो. प्रत्येक प्रोग्राम आपले काम आटोपताना एक अंक मागे ठेवून जातो. शून्य असेल तर काम सुरळीत पार पडले. शून्याहून निराळा अंक असेल तर काहीतरी अडले. मेक हा अंक पाहतो आणि शून्य नसेल तर तेथेच थांबतो. साध्या शेल-स्क्रिप्टलाही ‘सेट’ या आज्ञेने तशी ताकीद देऊन ठेवता येते, आणि काळजीपूर्वक लिहिणारे ती देतात. ही सावधगिरी योग्यच आहे. पाया खचला असता वरचे मजले चढवू नयेत. परंतु या संकेतात एक उणीव आहे. पाया खचला काय आणि भिंतीचा रंग संपला काय, दोन्हींची वर्दी सारख्याच रीतीने येते. दोन्हींतील भेद करण्याचे काम स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचे असते.

फॉर्मॅटर या यादीत शिरतो तो बहुधा एका चोरवाटेने. आजच्या प्रोग्रामांतील पुष्कळसे कोड माणूस लिहीत नाही. दुसरा एखादा प्रोग्राम बिल्डच्या वेळीच ते तयार करतो. असे यंत्रलिखित कोड ओबडधोबड असते. ते कोणी उघडून पाहिले तर वाचता यावे, या सद्हेतूने स्क्रिप्ट लिहिणारा शेवटी एक सूचना जोडतो: तयार झालेल्या फाइलीवर फॉर्मॅटर फिरवावा. त्याच्या स्वतःच्या संगणकावर फॉर्मॅटर असतोच. त्यामुळे सूचना निर्वेधपणे पार पडते. मग तीच स्क्रिप्ट परगावी, परदेशी, ज्याला ते कोड उघडून पाहण्याची कधीही गरज पडणार नाही अशा माणसाच्या यंत्रावर जाते. तेथे फॉर्मॅटर नसतो. अंक शून्य येत नाही, आणि सर्व काम जागच्या जागी थांबते. नाकापेक्षा मोती जड झाला तो असा.

फॉर्मॅटर नसण्याची कारणेही अगदी स्वाभाविक असतात. रस्ट भाषेची साधने बसविताना २०१९ पासून लहान-मोठे संच निवडण्याची सोय आहे. त्यांतील ‘मिनिमल’ या लहान संचात भाषांतर करणारा कंपायलर असतो, फॉर्मॅटर नसतो. जावास्क्रिप्टच्या जगात तर विकासाची साधने वगळून केवळ प्रत्यक्ष चालविण्यास लागणारे भागच बसविण्याची रीत आहे, आणि फॉर्मॅटरची गणना विकासाच्या साधनांत होते. जागा वाचविण्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी असे करणे हितावहच आहे. तेव्हा दोष घेणाऱ्याचा नसून गृहीत धरणाऱ्याचा आहे.

अडण्याचे चार प्रकार

फॉर्मॅटर अडला, असे ढोबळपणे म्हटले तरी त्यात चार अगदी भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्यांची गल्लत हेच बहुतेक अनर्थांचे मूळ आहे.

पहिला प्रकार, फॉर्मॅटर संगणकावर नाहीच. अशा वेळी शेल १२७ हा अंक देते. दुसरा प्रकार, फॉर्मॅटर आहे, त्याने आपले काम चोख केले, आणि लिखाणाचे वळण नियमाप्रमाणे नाही असा निवाडा दिला. वस्तुतः हे त्याचे अपयश नव्हे. परीक्षकाने विद्यार्थ्याला नापास केले म्हणून परीक्षकच नापास झाला असे कोणी म्हणत नाही. तिसरा प्रकार, फॉर्मॅटरला लिखाणाचा अर्थच लागला नाही, कारण ते व्याकरणदृष्ट्या मोडलेले आहे. आणि चौथा प्रकार, लिखाण निर्दोष असून फॉर्मॅटरच आतून बिघडला.

हे चारही प्रकार वेगळे ओळखू यावेत म्हणून चांगले फॉर्मॅटर निरनिराळे अंक देतात. ब्लॅकला नुसती तपासणी करावयास सांगितले असता, सर्व ठीक असेल तर तो ० देतो, वळण बदलावे लागेल असे असेल तर १ देतो, आणि काही अंतर्गत चूक झाली तर १२३ देतो. प्रेटिअरच्या तपासणीत ० आणि १ यांचे अर्थ तेच आहेत. परंतु प्रेटिअरचेच काही बिनसले तर अंक २ येतो. गोफम्टचा मार्ग याहून निराळा. वळण चुकलेल्या फाइलींची नावे मागितली असता तो नावे छापतो, पण अंक मात्र शून्यच देतो; नावांची यादी रिकामी आहे की नाही हे पाहणाऱ्याने पाहावे. हे न जाणता केवळ अंकावर विसंबणारी स्क्रिप्ट गोफम्टने दहा चुका दाखविल्या तरी सर्व आलबेल असल्याचे सांगत राहील. तात्पर्य, एका साधनाची रीत दुसऱ्याला लावू नये. प्रत्येकाचे माहितीपत्रक वाचूनच स्क्रिप्ट लिहावी.

२८ मार्च २०२२

अंकावरचा विश्वास किती बेताने ठेवावा, हे दाखविणारी एक घटना २०२२ साली घडली. ब्लॅक हा फॉर्मॅटर वापरणाऱ्याच्या आज्ञा समजून घेण्यासाठी ‘क्लिक’ नावाच्या एका लायब्ररीचा आधार घेतो. त्या वर्षी २८ मार्च रोजी क्लिकची ८.१.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि ठिकठिकाणी ब्लॅक सुरू होताक्षणीच कोसळू लागला. कोणाच्याही कोडमध्ये एक अक्षर बदललेले नव्हते. काल सुरळीत चाललेले बिल्ड आज मात्र थांबलेले होते.

कारण पाहू गेल्यास ते मोठे बोधप्रद आहे. काही संगणकांवर पायथॉनच्या जुन्या आवृत्त्या ‘अस्की’ ही लिपिसंहिता गृहीत धरीत. अस्कीत अवघी १२८ चिन्हे असून त्यांतील अक्षरे इंग्रजीचीच आहेत. देवनागरीतील एकही अक्षर तीत मावत नाही. अशा स्थितीत मराठी नाव असलेली फाइल हाताळताना घोटाळा होईल, हे ओळखून क्लिक पुढे जाण्याचेच नाकारीत असे. ब्लॅकला हा नकार नको होता. म्हणून तो सुरू होताना क्लिकच्या अंतर्भागातील ती तपासणी निष्प्रभ करून टाकी. पुढे पायथॉनच्या नव्या आवृत्त्यांनी ही अडचणच दूर केली. क्लिकने जुन्या पायथॉनचा आधार सोडला आणि निरुपयोगी झालेली तपासणी काढून टाकली. ब्लॅक मात्र ती शोधीतच राहिला.

विशेष असे की, हा भाग कधीतरी मिळणार नाही, याचा विचार ब्लॅकमध्ये केलेला होता. तो न मिळाल्यास मुकाट्याने पुढे जावे, अशी तरतूदही होती. परंतु ती तरतूद ‘मॉड्यूलच सापडले नाही’ या एका नेमक्या चुकीपुरती होती, आणि प्रत्यक्षात उद्भवली ती ‘मॉड्यूलमधून अमुक नाव आणता आले नाही’ ही चूक. पहारेकऱ्याला चोराचे एकच नाव सांगून ठेवावे आणि चोराने दुसऱ्या नावाने यावे, तसे झाले. त्याच दिवशी ब्लॅकची २२.३.० ही आवृत्ती काढून दुरुस्ती करण्यात आली.

या प्रसंगातून दोन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला आवृत्त्यांविषयीचा. अनेकांनी आपल्या स्क्रिप्टमध्ये ब्लॅकची विशिष्ट आवृत्ती नेमून ठेवली होती. तरीही ते सापडले, कारण ब्लॅक ज्याच्यावर उभा होता त्या क्लिकची आवृत्ती त्यांनी नेमलेली नव्हती. फॉर्मॅटरची आवृत्ती बांधावयाची तर त्याच्या आधारांचीही बांधावयास हवी. नाहीतर घराला कुलूप आणि परसदार उघडे, अशी गत होते.

दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. पायथॉनचा प्रोग्राम असा अकल्पित कोसळला म्हणजे तो १ हा अंक मागे ठेवतो. आणि ब्लॅकच्या संकेतात १ चा अर्थ लिखाणाचे वळण चुकले असा होतो! म्हणजे ज्या स्क्रिप्टने फक्त अंक वाचला, तिने निर्दोष लिखाणावर ठपका ठेवला. परीक्षक दारातच मूर्च्छित पडला, आणि विद्यार्थ्याला मात्र नापास झाल्याचे पत्र गेले. यावर उपाय सोपा आहे. फॉर्मॅटरकडे निवाडा मागण्यापूर्वी त्याला नुसती आपली आवृत्ती सांगावयास लावावे. ती त्याला सांगता आली नाही, तर बिघाड त्याच्यात आहे, लिखाणात नाही, हे तत्काळ स्पष्ट होते.

दोन अनुकरणीय उदाहरणे

फॉर्मॅटर अडला असता सभ्यपणे कसे वागावे, याचे उत्तम नमुनेही उपलब्ध आहेत. गो भाषेत ‘स्ट्रिंगर’ नावाचे एक साधन असून ते स्वतः कोड तयार करते आणि मग त्याला वळण लावते. तयार झालेले कोड व्याकरणातच चुकलेले निघाले, तर वळण लावणारा भाग तक्रार करतो. अशा वेळी स्ट्रिंगर आपले लिखाण फेकून देत नाही. आपल्याकडून सदोष कोड तयार झाले आहे, अशी सूचना ते छापते, दोष पाहावयाचा असल्यास कंपायलर चालवून पाहा असे सांगते, आणि वळण न लावलेले लिखाण जसेच्या तसे स्वाधीन करते. यातील मर्म असे की, चूक शोधावयाची तर चुकलेला कागद समोर हवा. तो फाडून टाकून केवळ ‘चूक झाली’ असे सांगणारा कारकून कोणाच्या उपयोगी पडत नाही.

दुसरे उदाहरण रस्ट भाषेतील ‘बाइंडजेन’ या साधनाचे आहे. सी भाषेतील जुन्या लायब्ररी रस्टमधून वापरता याव्यात म्हणून लागणारे जोडकोड ते तयार करते, आणि हे काम बहुधा बिल्डच्या वेळीच, म्हणजे परक्या यंत्रावर, चालते. शेवटी ते ‘रस्टफम्ट’ हा फॉर्मॅटर बोलावते. तो मिळाला नाही किंवा कोसळला, तर बाइंडजेन एका ओळीत तीन गोष्टी सांगते: फॉर्मॅटर चालविता आला नाही, ही चूक प्राणघातक नाही, आणि काम पुढे चालू आहे. मग वळण न लावलेले कोड लिहून ते मोकळे होते. कंपायलरला त्या ओबडधोबडपणाचे काहीच वाटत नाही. रस्टफम्ट चालला, पण त्याने ३ हा अंक दिला, म्हणजे काही ओळींना वळण लावता आले नाही, तर तेवढी सूचना देऊन उरलेले सुधारलेले लिखाण स्वीकारले जाते. अंक २ आला, तर लिखाणाचे व्याकरणच जुळले नाही, अशी स्पष्ट नोंद होते. एकाच साधनाच्या निरनिराळ्या अंकांना निरनिराळी वागणूक देणे म्हणजे काय, ते येथे दिसते.

याहूनही बरा उपाय म्हणजे परक्या यंत्रावर फॉर्मॅटर बोलावण्याचा प्रसंगच न आणणे. यंत्रलिखित कोड आपल्याच कार्यशाळेत तयार करून, वळण लावून, प्रोग्रामसोबत पाठवून द्यावे. किंवा वळण लावण्याचे काम करणारी लायब्ररीच आपल्या साधनात अंतर्भूत करावी. गो भाषेत अशी लायब्ररी मूळच्याच संचात आहे, आणि स्ट्रिंगर तीच वापरतो. रस्टमध्ये ‘प्रिटीप्लीज’ ही लायब्ररी याच कामी येते. शिदोरी सोबत असली म्हणजे वाटेत खाणावळ उघडी आहे की नाही, याची चिंता राहत नाही.

सौम्यपणाचाही अतिरेक नको

येथवरच्या विवेचनावरून, फॉर्मॅटरच्या सर्व तक्रारी कानांआड कराव्यात, असा समज कोणी करून घेईल तर तो चुकीचा ठरेल. शेलमध्ये कोणत्याही आज्ञेपुढे दोन उभ्या रेघा काढून ‘ट्रू’ हा शब्द लिहिला की, ती आज्ञा अडली तरी अंक शून्यच येतो. त्रासलेले लेखक ही युक्ती सर्रास वापरतात. काम अडत नाही हे खरे. परंतु फॉर्मॅटर नव्हता, की तो कोसळला, की लिखाणच मोडलेले होते, हे पुढे कोणालाच कळत नाही. काही महिन्यांनी कोणी चौकशी केली म्हणजे असे आढळते की, वळण लावण्याचे काम कधीचेच बंद पडले आहे. बाइंडजेनही पुढे जाते, आणि ही युक्ती वापरणारी स्क्रिप्टही पुढे जाते; परंतु पहिली सांगून जाते आणि दुसरी न सांगता जाते. सारा फरक एवढ्यातच आहे.

मौनाचा आणखी एक प्रकार नळीच्या जोडणीत लपलेला असतो. एका प्रोग्रामचे लिखाण थेट दुसऱ्याच्या हाती देण्याची सोय शेलमध्ये आहे. तिला ‘पाइप’ म्हणतात. अशा साखळीचा अंक म्हणजे शेवटच्या प्रोग्रामचा अंक. मध्यावरचा फॉर्मॅटर कोसळला आणि शेवटचा प्रोग्राम सुखरूप राहिला, तर साखळी सुखरूप मानली जाते. हे टाळण्यासाठी ‘पाइपफेल’ नावाची सोय कित्येक शेलमध्ये पूर्वीपासून होती. २०२४ सालच्या पॉझिक्स या प्रमाणग्रंथात तिला अधिकृत स्थान मिळाले.

मौनापेक्षाही भयंकर गोष्ट म्हणजे फाइलीचा नाश. फॉर्मॅटरने एक फाइल वाचावी आणि सुधारलेले लिखाण त्याच फाइलीत लिहावे, अशी आज्ञा शेलच्या बाणचिन्हांनी दिली असता शेल प्रथम ती फाइल रिकामी करते आणि मग फॉर्मॅटरला वाचावयास बोलावते. त्याच्या हाती कोरा कागद पडतो. मूळ लिखाण तोवर गेलेले असते. म्हणून सुधारलेले लिखाण नेहमी वेगळ्या तात्पुरत्या फाइलीत घ्यावे, अंक शून्य आहे आणि फाइल रिकामी नाही याची खात्री करावी, आणि मगच तात्पुरत्या फाइलीला मूळचे नाव द्यावे. दोन्ही फाइली एकाच फाइलव्यवस्थेत असतील तर हे नामांतर एका क्षणात, अर्धवट न राहता घडते. मध्येच वीज गेली तरी जुने किंवा नवे यांपैकी एक लिखाण पूर्ण स्वरूपात शिल्लक राहावे, हा या क्रमाचा हेतू आहे.

मेक वापरणाऱ्यांनी येथे अधिक जपावयास हवे. मेक फाइलीचा काळ पाहतो, आतील मजकूर पाहत नाही. फॉर्मॅटर अर्धी फाइल लिहून कोसळला, तर ती अर्धवट फाइल सर्वांत ताजी ठरते, आणि पुढच्या वेळी मेक तिला तयार समजून पुढे जातो. पहिल्या दिवशीची चूक निदान दिसली तरी. दुसऱ्या दिवशी ती दिसतही नाही. अयशस्वी कृतीने निर्माण झालेली फाइल पुसून टाकावी, अशी एक विशेष सूचना मेकच्या ग्नू आवृत्तीत देता येते. ती देऊन ठेवणे इष्ट.

कोठे कठोर, कोठे उदार

मग नियम कोणता धरावा? एकच स्क्रिप्ट सर्वत्र चालवावयाची नाही, हे त्याचे सूत्र आहे. लिखाण चालू असते ती कार्यशाळा निराळी आणि ज्याला प्रोग्राम वापरावयाचा त्याचे घर निराळे. कार्यशाळेच्या दारावर, म्हणजे नवे कोड स्वीकारण्यापूर्वीच्या तपासणीत, फॉर्मॅटरला पूर्ण अधिकार द्यावा. तेथे वळण चुकले तर कोड परत पाठवावे. फॉर्मॅटर मिळालाच नाही तरीही थांबावे, कारण परीक्षक नसताना उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र देता येत नाही. तेथे थांबल्याने कोणाचे नुकसान होत नाही. लिहिणारा जागेवरच असतो आणि त्याला दुरुस्ती करता येते.

वापरणाऱ्याच्या घरी स्थिती याच्या उलट असते. तेथे फॉर्मॅटर हा पाहुणा आहे. तो आला नाही म्हणून पंगत थांबविणे अनुचित. त्या घरातील माणसाला त्या भाषेचा गंधही नसेल. एखादा विद्यार्थी प्रथमच एखादे साधन बसवून पाहत असेल. पहिल्याच पायरीवर कधी न ऐकलेल्या फॉर्मॅटरचे नाव घेऊन आलेली चूक पाहिली म्हणजे, हे आपल्या आवाक्यातील नाही, असे समजून तो ते सोडून देईल. एखाद्या रुग्णालयाचा किंवा पेढीचा संगणक सांभाळणारा कर्मचारी सुरक्षिततेचा दोष दूर करणारी नवी आवृत्ती रात्री घाईने बसवीत असेल. ती बसली नाही तर दोष तसाच उघडा राहील, आणि तोही ओळींच्या आरंभीच्या मोकळ्या जागा मोजणारे साधन सापडले नाही म्हणून. त्याच्यापुढे एक स्वच्छ सूचना यावी आणि काम पुढे जावे. फॉर्मॅटर मिळाला नाही, त्यामुळे कोडला वळण लावलेले नाही, प्रोग्रामच्या कामात याने फरक पडणार नाही, आणि वळण हवेच असल्यास अमुक साधन बसवावे, एवढे त्या सूचनेत असले म्हणजे पुरे.

अपवाद फक्त तिसऱ्या प्रकारचा. यंत्रलिखित कोडचा अर्थच फॉर्मॅटरला लागला नाही, तर तो केवळ वळणाची तक्रार करीत नसून पाया खचल्याची वर्दी देत असतो. तेव्हाही लिखाण नष्ट करू नये. ते जसेच्या तसे कंपायलरच्या हवाली करावे. त्यात खरोखरच दोष असेल तर कंपायलर तो नेमक्या ओळीसह दाखवील, आणि तेथे काम थांबले तर ते योग्य कारणासाठी थांबेल. कधी कधी फॉर्मॅटरच जुना असतो आणि भाषेतील नवी रचना त्याला कळत नाही. तसे असेल तर कंपायलर निमूटपणे काम पुरे करील आणि खोटी आवई आपोआप विरून जाईल. अर्थाचा अंतिम निवाडा अर्थ जाणणाऱ्याकडेच राहावा.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आपली स्क्रिप्ट बाहेर पाठविण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. ज्या संगणकावर फॉर्मॅटर नाही अशा ठिकाणी ती एकदा आरंभापासून अखेरपर्यंत चालवून पाहावी. नंतर फॉर्मॅटरच्या जागी त्याच नावाचा, काहीही न करता १ हा अंक देणारा दोन ओळींचा प्रोग्राम ठेवून पुन्हा एकदा चालवावी. पहिल्या वेळी काम पुरे व्हावे आणि सूचना दिसावी. दुसऱ्या वेळीही काम पुरे व्हावे, सूचना दिसावी आणि एकही फाइल रिकामी झालेली नसावी. या परीक्षेला फार वेळ लागत नाही. ती न घेतल्यामुळे गेलेला वेळ मात्र दूरच्या, अनोळखी माणसांचा असतो, आणि त्यांना तो कोणाकडेच मागता येत नाही.